अंगठ्यावरची चाल

१६ मार्च १९८६, रविवार

पहिली आली ती चांगुणा, म्हातारा मागून. दर साली उलटं असतं. पिराजी गोसावी किंगरीचा गज ओढतच वेशीतून आत येतो, गजाची घुंगरं कुत्र्यांच्या आधी आम्हाला ऐकू येतात, आणि सून मागून बोचकं घेऊन. आवंदा सून पुढं आणि म्हातारा तिच्या पदराचं टोक धरून. सरुबाई हापशावर उभी होती. तिथनंच ओरडली, "धुरपदाबाई, तुमचा गोसावी आला बघा, पण उलटा आला!" हापशाला पाणी न्हाय, तिच्या घागरीत दोन तांबे बी नसतील, पण तिची जागा हालत न्हाय. कोण आलं कोण गेलं ते तिथनं बरं दिसतं.

आता कोण कुठलं ते लिवते. अयोध्या म्हणते, आजी, डायरी वाचणाऱ्याला कळलं पाहिजे. वाचणार कोण, तर तीच. अयोध्या माझी नात. डायरी तिच्या बापाची, म्हणजे माझ्या उत्तरेश्वरची. तो दूध सोसायटीचा चेरमन म्हणून संघानं दिली. दूधच न्हाय तर लिवणार काय, म्हणून मी घेतली. रात्रीच्या प्रौढ वर्गात अक्षरं शिकले ती वापरायची कुठं?

पिराजीबाबा किंगरीवाले गोसावी. नळदुर्गाच्या किल्ल्याखाली त्यांची पालं. सुगी झाली की आमच्या गावात यायचं, दारोदार वाजवायचं, आणि प्रत्येक घरानं एक सूप ज्वारी घालायची, असं त्यांच्या बापजाद्यापासून चालत आलंय. किंगरी म्हणजे भोपळ्याला दांडी, दांडीला तारा, आणि घोड्याच्या शेपटीच्या केसांचा गज. गज फिरला की ती बाईवानी रडते आणि बाईवानीच हसते. मी लग्न होऊन आले तवा ह्याच दारात पिराजीचा बाप वाजवत होता. त्या दारच्या चालीवर मी माप ओलांडलं.

आणि मेंडोलीन. सोसायटीत दुधाचं फॅट तपासायला उमरग्याचा पंचाक्षरी होता, आमच्याच पडवीत राहायचा. त्याचं ते मेंडोलीन. दूध आटलं, त्याची बदली झाली. जाताना म्हणाला, "आजी, एसटीच्या टपावर मोडंल. ठेवा तुमच्याजवळ, वाजवा." त्यानं गमतीनं म्हणलं, मी खरंच वाजवायला लागले. नखी कशी धरायची, तारा जोडीजोडीनं आठ कशा, बोटं पट्ट्यांवर कशी पडतात, तेवढं त्यानं दाखवलं होतं. त्याची सिनेमाची गाणी मला नको. मला किंगरीच्या चाली पाहिजेत. त्यात दारची चाल आधी.

तर मी आज पिराजीबाबाला म्हणलं, बाबा, मला शिकवा. तो माझ्या तोंडाकडं बघत राहिला. लई येळ. मग चांगुणानं हवेत तार छेडून दाखवली आणि माझ्याकडं बोट केलं, तवा हसला. "शिकवतो की आई!" हे इतक्या मोठ्यांदा की गोठ्यात उरलेली एकटी म्हैस उठून उभी राहिली. वयानं तोरा आलाय. आधी असा नव्हता.

१७ मार्च

सोसायटीच्या ओट्यावर आज वाद झाला. लिंबाजी म्हणाला, "गेल्या साली बेंबळीत ह्यो बाबा एक वाजवायला अन् सून दुसरंच गायली. पोरं खिदळली. वाजवायलाच येत न्हाय तर सूप कशाचं? आवंदा खळंच झालं न्हाय कुणाचं."

उत्तरेश्वर माझा पोरगा, पण चेरमन झाल्यापासून सगळ्यांचं ऐकतो आणि मग मधलं काहीतरी बोलतो. म्हणाला, "पाडव्याला पंचांग ऐकायला सगळं गाव हितं जमतंय. तवा वाजवा बाबा. पूर्वीवानी वाजलं तर प्रत्येक घराचं सूप चालू राहील, दुष्काळ असू दे. न्हाय वाजलं तर..." पिराजीबाबा हसून मान हलवत होता, जणू काय त्याचं लगीन ठरायलंय.

दुपारी चांगुणा अंगणातल्या चुलीपाशी बसली. म्हणाली, "माय, हे शेवटचं गाव. बाकीच्यांनी दारं लावली. हितलं बी गेलं तर आमचे मालक किंगरी खुंटीला टांगणार अन् बाबाला पालात बसवणार. मालक खडी फोडायला जातेत, मग मला बी जावं लागंल. बाबा एकटे पालात बसले तर पावसाळा बघायचे न्हाईत."

मी म्हणलं, "अगं पण ते वाजवतील की. पिराजी गोसाव्याला वाजवायचं काय सांगायचं?"

तिनं भाकरी उलटली. करपली होती.

१९ मार्च

आज माझं डोकं चाललं, आणि नको तिकडं चाललं. किंगरीची चाल पाहिजे तर किंगरीचा गज पाहिजे, एवढा साधा विचार. चांगुणा पाण्याला गेलेली बघून मी गज उचलला आणि मेंडोलीनवर फिरवला. आठी तारा एकदम ओरडल्या. किंगरीच्या तारांखालची घोडी उंच असते, गज एका तारेला धरून चालतो. हिची घोडी सपाट, एकीला घासलं की साती जणी भांडायला येतात. आमचे हे तंबाखू मळत होते, तिथनंच म्हणाले, "म्हैस व्याली का बघा रे."

गजाचे केस तुटले. पिराजीबाबा दहा हातांवर ओट्यावर पाठमोरा बसून बिडी ओढत होता. एवढ्या बोंबाबोंबीत वळून सुद्धा बघितलं न्हाय. त्याच्याजागी मी असते तर शिव्या दिल्या असत्या. सबुरी असावी तर अशी. नंतर चांगुणानं तुटके केस दाखवले तवा आला, गाठी मारल्या, राळ घासली, आणि मला म्हणाला, "आई, हिला गज न्हाय चालत. हिला बोटानंच बोलवावं लागतंय."

२२ मार्च

शिकायलेय आणि डोक्याचा भुगा झालाय.

काल अयोध्यानं खेळता खेळता खुंट्या पिळल्या होत्या. मी वाजवलं तर माझेच दात आंबले. पिराजीबाबा समोर बसून माझ्या बोटांकडं बघायलाय आणि म्हणतो, "ब्येस! ब्येस जमलं आई!" आज अयोध्यानंच पंचाक्षरीनं शिकवल्यावानी तारा परत लावून दिल्या, चाल अशी निघाली की अंगावर काटा आला. फक्त तिसऱ्या बोटाच्या जागी करंगळी पडली. पट्टी तीच, सूर तोच. तर म्हातारा खवळला. "चुकलं! चुकलं!" बेसूर ते ब्येस आणि सुरात ते चुकलं, माणसानं समजायचं काय?

मग तो सरकून जवळ आला, मेंडोलीनच्या पोटावर तळहात ठेवला, डोळे मिटले. "आता वाजवा." मी वाजवलं. एका जागी म्हणाला, "हितं एक सूर गाळला." खरंच गाळला होता. डोळे मिटलेले, बोटं बघत नव्हता, तरी कळलं. मघाशी उघड्या डोळ्यांनी कळत नव्हतं.

शिवकांता, माझी सून, चुलीपासून म्हणाली, "आत्या, मला वाटतंय त्यांना कमी..." आणि चहा उतू गेला, ती पळाली. कमी काय ते राहूनच गेलं. कमी शिकवतात म्हणायचं असंल. तसं न्हाय काही, उलट लई शिकवतात, फक्त उलटंसुलटं.

माझा विचार असा झालाय. ही नाथांची माणसं. गुरूनं कानात मंत्र फुंकलेला असतो. ते आतलं ऐकतात, बाहेरचं तेवढं मनावर घेत न्हाईत. हात ठेवला की मात्र आशीर्वादातून कळतं. एवढंच जुळतंय.

२५ मार्च, होळी

पुरणाच्या पोळ्या नावाला. गूळ होता, डाळ नव्हती. होळीत घालायला गोवऱ्या तेवढ्या भरपूर, कारण बाकीची जनावरं छावणीत जायच्या आधीच्या थापलेल्या.

होळीपुढं पिराजीबाबा आणि चांगुणा पोत्यावर बसली आणि वाजवलं. असं वाजवलं! ती गायली तिथं किंगरी तिच्या गळ्यात गळा घालून गेली. ती थांबली तिथं थांबली. लिंबाजीसुद्धा मान हलवत होता. मी मनात म्हणलं, पाडवा जिंकला.

आणि मग मला दिसलं. चांगुणा म्हाताऱ्याच्या डाव्या अंगाला बसलेली, पदर कपाळापर्यंत. ज्या सासऱ्याची सावलीसुद्धा ती ओलांडत न्हाय, त्या सासऱ्याच्या पायाच्या अंगठ्यावर तिनं आपल्या पायाचा अंगठा ठेवलेला! आणि दाबायली. उचलायली. दाबायली.

चुकून म्हणावं तर गाणं संपेपर्यंत. सून सासऱ्याला पाय लावते? आमच्यात सुनेचा पाय नुसता सासऱ्याच्या अंथरुणाला लागला तरी ती वाकून नमस्कार करते.

मी मान दुसरीकडं फिरवली. सरुबाईनं फिरवली न्हाय.

२८ मार्च

टँकर आला न्हाय. काही लिवत न्हाय.

३० मार्च

हापशावर दुसरं बोलणं न्हाय. सरुबाई म्हणाली, "धुरपदाबाई, तुमच्याकडं राहायलेत. तुम्हीच बोला. गोसावी असले म्हणून काय लाजलज्जा नको? पाडव्याला आपल्या लेकी-सुना समोर असणार."

कडूबाई म्हणाली, "मला तर वाटतंय सूनच करणी करायली. म्हातारा बघा ना कसा झालाय. हाक मारली तर ओ देत न्हाय."

"तोरा हाय त्याला," मी म्हणलं.

"तोरा असणारा सुनेचा पाय खपवून घेतो व्हय?"

घरी येऊन ह्यांना विचारलं. हे म्हणाले, "तू आधी ते तुणतुणं खाली ठेव, मग दुसऱ्यांच्या पायाचं बघ." तुणतुण्याला एक तार असते, मेंडोलीनला आठ, हे ह्यांना अजून कळलं न्हाय.

२ एप्रिल

जमलं! जमलं! जमलं!

अडचण काय होती ते आधी लिवते. किंगरीचा सूर गज ओढंल तेवढा लांब. तव्यावर तेल पसरावं तसा पसरत जातो. मेंडोलीनचा सूर म्हणजे चिंचोका पडला, टक्, संपला. दारच्या चालीत तर सगळे लांब सूर. गोसावी दारात उभा राहतो आणि घरातली बाई सूप घेऊन येईपर्यंत एकच सूर धरून ठेवतो. माझा सूर बाई उठायच्या आधीच मरतो. पंचाक्षरी सारखं म्हणायचा, "मनगट, आजी, मनगट!" मला वाटायचं माझं मनगट दुखतंय का ते विचारतोय.

आज रेशनचं पीठ चाळत होते. किडे लई, म्हणून बारीक बारीक चाळणी हलवायले. शिवकांता म्हणाली, "आत्या, तुमचा हात तर दिसतच न्हाय." मी तशीच उठले, पिठाच्या हातानं मेंडोलीन घेतलं आणि त्याच मनगटानं तारेवर नखी चाळली. तुटक तुटक टक् टक् न होता एकच सूर झाला! थरथरता, पण अखंड! वाळवणावरून वारं गेल्यावानी. मी थांबेना, सूर संपेना. शिवकांताच्या डोळ्यांत पाणी. म्हणाली पीठ गेलं.

पळत पळत (म्हणजे माझं पळणं) पिराजीबाबाकडं गेले, वाजवून दाखवलं. माझ्या हाताकडं बघून गोंधळला. मग तळवा ठेवला मेंडोलीनवर. आणि म्हाताऱ्याचं तोंड असं उघडलं! "आई... हे तर गजावानी चाललंय!" मग कपाळच टेकवलं त्या लाकडाला. बराच येळ उचललं न्हाय. देव म्हणून टेकवलं असंल. मला लाज वाटली, लाकडाला पीठ लागलं होतं. म्हाताऱ्याच्या कपाळाला बी लागलं.

४ एप्रिल

शेवटी बोलले चांगुणाशी. गोड बोलले. म्हणलं, "पोरी, मला काही न्हाय, पण गाव बघतंय. तू बाबाला पाय लावू नको. पाडव्याला तर नकोच. नाव जातं."

तिनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि मग म्हणाली, "बरं, माय."

एवढं सहज ऐकंल असं वाटलं नव्हतं. मला बरं वाटायला पाहिजे होतं. वाटलं न्हाय. का ते कळंना.

७ एप्रिल

पिराजीबाबा बिघडला. चांगुणा आता चार हात लांब, पदर ओढून बसते. ती गायला लागते, हा अजून गजच पुसत असतो. ती थांबते, हा चाललाच. आज तर ती गात होती दारची चाल आणि हा वाजवायला निरोपाची. ऐकताना दोन बैल दोन वाटांना गाडी ओढायलेत असं वाटत होतं. उत्तरेश्वर सोसायटीचं दार उघडून बाहेर आला, ऐकलं, आत गेला. मला त्याचं तोंड आवडलं न्हाय.

मीठ-मोहऱ्या घेऊन म्हाताऱ्यावरून उतरवल्या. चुलीत टाकल्या तर वास आला न्हाय, म्हणजे नजर लागलेली, नक्की. आता उतरंल.

८ एप्रिल

उतरली न्हाय.

९ एप्रिल

चांगुणाला धरून बसवलं. म्हणलं, "खरं सांग. होळीला एवढं ब्येस वाजलं आणि आता काय झालं?"

ती म्हणाली, "माय, पाय लागला की त्यांना समजतंय."

"काय समजतं?"

"सगळं. कुठं धरायचं, कुठं सोडायचं. पायाबिगर न्हाय समजत." मग माझा हात धरला. "गावात बोलू नका. बोललात तर वाजवायच्या आधीच संपलं."

मी बोलत न्हाय. पण बोलण्यासारखं मला कळलंय काय? पायातून कशी समजंल चाल? नाथांचा काही विधी असंल, आणि मी आपली शहाणी, तो मोडला. "मग उद्या ठेव पाय," म्हणलं. तर म्हणाली, "आता न्हाय ठेवता येणार. सरुबाईनं सगळ्यांना सांगून ठेवलंय, मला बायकांत मधोमध बसवणार म्हणून."

हे खरं होतं. मीच हापशावर म्हणाले होते, मी बोलले गं चांगुणाशी, आता नाव ठेवायला जागा न्हाय.

१० एप्रिल, पाडवा

आज बारीकसारीक सगळं लिवते.

सोसायटीच्या शेडात सगळं गाव. दुधाचे रिकामे कॅन भिंतीला लावून जागा केली होती. भीमाशंकर स्वामींनी पंचांग वाचलं, आवंदा पाऊस बरा आहे म्हणाले. गेल्या साली बी तेच म्हणाले होते. मग उत्तरेश्वर म्हणाला, "हं, बाबा, वाजवा."

पिराजीबाबा एकटा पोत्यावर. हसत बसलेला. वाजवंना. चांगुणा तिकडं बायकांच्या मधोमध, एका अंगाला सरुबाई, दुसऱ्या अंगाला कडूबाई. उत्तरेश्वरनं परत सांगितलं. मग हातानं खूण केली. तवा गज उचलला. चांगुणानं बसल्या जागेवरनं दारची चाल धरली, आणि ह्यानं धरली पहाटेची, उठवणीची! पोरं हसली. हा वाजवतोच आहे. लिंबाजी उठून म्हणाला, "बास करा बाबा," तरी वाजवतोच आहे, डोळे मिटून, लई मन लावून. चांगुणानं गाणं सोडलं आणि पदरात तोंड घातलं. तिचे खांदे हलताना मला दिसले. उत्तरेश्वर पुढं सरकला, किंगरीवर हात ठेवायला. मी त्याला जन्म दिलाय, त्याचं पुढचं वाक्य मला ठाऊक होतं.

मला तवा काही कळत नव्हतं आणि आताबी कळत न्हाय. एवढंच ध्यानात होतं की पाय होता तवा बरं होतं, पाय नव्हता तवा न्हाय. मी मेंडोलीन उचललं आणि उठले. गुडघा वाजला. ह्यांनी "अगं ए!" म्हणलं, ते ऐकलं न्हाय असं केलं. सगळ्या गावासमोर जाऊन पिराजी गोसाव्याच्या डाव्या अंगाला पोत्यावर बसले आणि माझा पाय त्याच्या पायावर ठेवला. अंगठ्यावर अंगठा. दाबला.

गज थांबला. जागच्या जागी.

मागनं कुणीतरी म्हणलं, "अरारा, आजी बी!" मी मान वर केली न्हाय. पिठाची चाळणी धरली आहे असं समजले आणि दारच्या चालीचा पहिला सूर धरला. धरून ठेवला. पिराजीबाबानं तळवा मेंडोलीनवर ठेवला, डोळे मिटले, आणि त्याचं तोंड उजळलं. मग त्यानं किंगरीचा भोपळा माझ्या मेंडोलीनला टेकवला. लाकडाला भोपळा. आणि गज ओढला. तीच चाल. तोच सूर. माझा थरथरता आणि त्याचा सरळ, एकाच दारातून आत आल्यावानी.

मी एका जागी चुकले. तोही माझ्याबरोबर चुकला, बरोबर तेवढंच. मी सुधारलं, त्यानं सुधारलं. तिकडनं चांगुणाचा आवाज उठला. गात गात ती बायकांमधनं वाट काढत आली, सरुबाईच्या मांडीवर पाय पडला असंल, आणि म्हाताऱ्याच्या उजव्या अंगाला बसली. तिनं तिचा पाय पुढं घेऊन त्याच्या दुसऱ्या पायावर ठेवला. कुणी काही म्हणलं न्हाय. शेवटाला मी अंगठा दाबला आणि किंगरी थांबली. टोचलं असंल, माझं जोडवं जुनं, टोकाचं आहे.

पहिली उठली ती सरुबाई. घरी गेली. मला वाटलं रुसली. तर सूप घेऊन आली! तळाला ज्वारी, थोडीच, पण सूप. पोत्यात ओतून मला म्हणाली, "आता तुम्हीच पाय ठेवला, मी बोलू कुणाला?" मग कडूबाई, मग लिंबाजी. उत्तरेश्वर उभाच. मी म्हणलं, "चेरमनसाहेब, तुमच्या घरचं सूप कुणी आणायचं?" पळाला.

संध्याकाळी हे म्हणाले, "गावासमोर गोसाव्याच्या पायावर पाय! ह्या वयात!" मी म्हणलं, हो. मग हे बराच येळ तंबाखू मळत बसले. खाल्ली न्हाय, नुसती मळली. "चाल मात्र तीच होती," म्हणाले. "तू माप ओलांडलंस तवाची."

१२ एप्रिल

सकाळी निघाली. जाताना पिराजीबाबानं मेंडोलीनवर हात फिरवला आणि नेहमीच्या आवाजात, म्हणजे बेंबळीत ऐकू जाईल अशा, म्हणाला, "आई, चाल आता तुमच्यात बी राहिली. पण जोडवं टोचतंय तुमचं!" सगळी आळी हसली. मीबी.

चांगुणाला वेशीपर्यंत पोचवलं. म्हणलं, "आता तरी सांग, पायाची गोष्ट काय आहे?" ती माझ्या कानाशी आली, आणि परत मागं झाली. म्हणाली, "येळवशीला आले की सांगते, माय. तुम्हाला सांगितलं तर चालंल."

थोडी पुढं गेल्यावर मला आठवलं, निरोपाची चाल राहिलीच की शिकायची! मी मोठ्यांदा हाक मारली, "ओ पिराजीबाबा!" वळला न्हाय. परत मारली. न्हाय. चांगुणा वळली, तिनं त्याची बाही ओढली, तवा कुठं वळला आणि गज वर केला. उन्हात घुंगरं चमकली. मंत्र घेतलेली माणसं, त्यांच्याच नादात.

येळवशीला, म्हणजे मार्गशीर्षातल्या रानपूजेच्या अमावस्येला, येतो म्हणालेत. पेरलं तर रानात, न्हाय पेरलं तर घरी, पण अमावस्येला येणारच. डायरी चाळली, ती अमावस्या डिसेंबरच्या अगदी शेवटच्या पानावर आहे. तिथं लिवून ठेवलं: पिराजीबाबा, चांगुणा. आंबील जास्त करणे. जोडवं फिरवून घालणे.